दर चौरस फुटाचा

अशोक चौकाच्या वळणावर माझं फ्लेक्सचं दुकान,
दहा रुपये चौरस फूट, लहान असो वा महान.
निवड झाली, निधन झालं, पोरगं पास झालं,
सोलापुरात जे जे घडलं, ते माझ्याकडे आलं.

त्याआधी मी बी.ए. केलं. इंग्रजी. तिसरा वर्ग.
तोळणूर सर शिकवायचे, आणि तो तास म्हणजे स्वर्ग.
पंख्याखाली, घामाघूम, ते उघडायचे लंडन,
तीनशे वर्षांपूर्वीचं, अन् कॉफीघरातलं भांडण;
केसांचे टोप, तपकिरीच्या डब्या, दोन्हीकडून खाणारा वकील,
पैसे घेऊन अर्पणपत्रिका कुणालाही लिहून देईल
असा कवी; आणि या सगळ्यांची सालं काढणाऱ्या ओळी दोनच.
"तिसरी लागली तर समजा, पहिल्या दोनींना नव्हती चोच."

आमचे वडील मागावरचे. मला ते चटकन कळलं:
धोटा गेला, धोटा आला, की दोन धाग्यांचं जुळलं.
पहिली ओळ ऐटीत जाते, डोकं वर करून;
दुसरी परत येते ती तिचीच कॉलर धरून.

एकदा सरांनी वर्गातच केली. अजून पाठ आहे:

"पाचव्या दिवशी नळाला पाणी, रोज सत्काराला शाल;
तहान लागली तर, नागरिकहो, पिळून काय काढाल?"

आख्खा वर्ग हसला. सर मात्र हसले नाहीत.
"दाढी कुठे संपते, गळा कुठे, हे न्हाव्याला हवं माहीत.
आणि आरसा लावा आधी. अंगावर घ्या उजेड.
पहिलं गिऱ्हाईक आपणच असतो; बाकी नुसतं वेड."

वीस वर्षं झाली. गेल्या मंगळवारी, ऊन
चव्वेचाळीस, सर आले. पाकिटातून काढून
फोटो ठेवला. पंचाहत्तरी. "सहा बाय दहाचा कर.
मुलांची हौस आहे." मग एक कागद टेबलावर.
मी वाचला. ज्ञानतपस्वी, सोलापूरभूषण, तेजोनिधी
(या पदव्या कुणी दिल्या, आणि दिल्या तरी कधी?),
खाली शुभेच्छुक बावीस जण, त्यांत तोच नगरसेवक
ज्याची शाल पिळली होती. आता 'आमचे मार्गदर्शक'.

श्रीशैलनं प्रूफ काढून दिलं. सरांनी पुसला चष्मा,
पेन काढलं. अजूनही लालच. वर पंखा, खाली उष्मा.
मला वाटलं, आता चालेल वस्तरा, एकेक विशेषण
पडेल खाली केसासारखं, मागे उरेल मोकळेपण.
त्यांनी 'तेजोनिधि'ची वेलांटी केली पहिलीची दुसरी,
'शुभेच्छूक'चा उकार ऱ्हस्व. आणि मान. किंचित हसरी.
"बाकी ठीक. भाव जरा बघ. विद्यार्थी तू जुना."
मी नऊ लावला. पाचशे चाळीस. दोघांत एकच गुन्हा.

कारण मीही (उजेड हवा होता ना अंगावर?)
वर्षाला हजार महापुरुष काढतो त्याच यंत्रावर.
एकदा तर माझाच छापला, व्यापारी संघाचा सचिव,
वय बेचाळीस, 'युवकांचं आशास्थान', रंगवलेला, सजीव.

रात्री सात रस्त्याला चढवला. शिडी श्रीशैलनं धरली.
फ्लेक्सची मागची बाजू पांढरी. ती तशीच होती उरली.
तिकडे कुणी बघत नाही. मार्करनं, घाईघाई,
त्या दोन ओळी लिहिल्या मी. केली नाही सही.

मागे मलप्पाची चहाची टपरी. त्यानं सकाळी वाचली.
"कुणाचं हे?" मी हात धरून पुढची बाजू दाखवली.

त्यानं नाव वाचलं, पदव्या वाचल्या. म्हणाला, "नाही. हे कुणी दुसरेच."